'साइटिंग'चा बोलबाला

२०२३च्या ऑगस्टनंतर ताडोबातली 'माया' वाघीण कुणाला दिसली नाही. वनखात्याच्या दप्तरी ती टी-१२, पण त्या नावानं तिला ओळखणारे थोडेच. पांढरपौनीच्या पाणवठ्यावर बछड्यांना घेऊन बसलेली माया देशभरातल्या कॅमेऱ्यांनी टिपली होती आणि तिचे चाहते मुंबई-पुण्यापासून बंगळुरूपर्यंत पसरलेले होते. नोव्हेंबरमध्ये जंगलात एक सांगाडा सापडला, डीएनए तपासणीत तो मायाचाच निघाला आणि समाजमाध्यमांवर श्रद्धांजल्यांचा पूर आला. एखाद्या जुन्या लोकप्रिय नटीला निरोप द्यावा तसा तो सोहळा होता.

त्याच्या दोन वर्षं आधी, २० नोव्हेंबर २०२१ रोजी, कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक सकाळी पायी निघाली होती. व्याघ्रगणनेसाठी पावलांचे ठसे, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे अशा खुणा नोंदवायच्या होत्या, सोबत तीन मदतनीस होते. पुढे वाटेत वाघीण बसलेली दिसली. हे लोक बराच वेळ थांबले, मग झाडीतून वळसा घालून पुढे निघाले. वाघिणीनं वनरक्षकावर हल्ला केला आणि तिला ओढत नेलं. ती वाघीण माया होती. मायाला दोष देण्यात अर्थ नाही, वाघीण वाघिणीसारखीच वागली. पण मायाच्या आठवणी काढणाऱ्या शेकडो मजकुरांत ही सकाळ क्वचितच येते.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत बसून वाघाचं उगीच कौतुक होतं असं कुणी म्हणणार नाही, आणि ते खरंही नाही. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ नोंदले गेले, २०१८ साली हा आकडा ३१२ होता. या वाढीत चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा सगळ्यात मोठा आहे. साल्हेर-मुल्हेरच्या माणसाला किल्ल्यांचा अभिमान असावा तितकाच इथल्या माणसाला वाघाचा असेल, तर त्यात काही गैर नाही. अवास्तव फुगली आहे ती एक वेगळीच गोष्ट. वाघ नव्हे, वाघाचं 'साइटिंग'.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. क्षेत्र जेमतेम ११६ चौरस किलोमीटर. १९८६ साली शेजारचं अंधारी अभयारण्य झालं आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आज कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटर आणि भोवतीचा बफर अकराशेच्या घरात. पहिली कित्येक दशकं इथं येणारे लोक तळ्याकाठच्या विश्रामगृहात राहायचे, मगरी बघायचे, वाघ दिसला तर दिसला. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले, ऑनलाइन आरक्षण सुरू झालं, आणि सहलीचा सगळा हिशेब एका प्रश्नावर येऊन थांबला: दिसला का?

मग वाघांना नावं पडली. वाघडोह, मटकासूर, सोनम, छोटी तारा, जुनाबाई, छोटा मटका. ही नावं बहुतेक गाईड आणि जिप्सीचालकांनी दिलेली, कधी जागेवरून, कधी अंगावरच्या खुणेवरून. त्यात कल्पकता आहे, जिव्हाळाही आहे. हळूहळू नावांभोवती वंशावळी उभ्या राहिल्या: कोण कुणाची लेक, कुणी कुणाचा इलाखा बळकावला. वाघडोह २३ मे २०२२ रोजी चंद्रपूरजवळ सिनाळ्याच्या जंगलात म्हातारपणानं मेलेला सापडला तेव्हा त्याच्या संततीचे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले. सचिन तेंडुलकर सहकुटुंब ताडोबात येतो तेव्हा बातमी तेंडुलकरची नसते, त्याला कोणती वाघीण दिसली याची असते. मार्च २०२४मध्ये चंद्रपुरात तीन दिवसांचा ताडोबा महोत्सव झाला. त्यात ६५,७२४ रोपं मांडून 'भारतमाता' हा शब्द लिहिला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रोपांचा विक्रम करायलाही वाघाच्या नावाचाच मांडव लागला, हे त्या महोत्सवाचं खरं वर्णन.

साइटिंग घडतं कसं, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. चितळ किंवा वानर धोक्याची हाक देतं, गाईड हात वर करून गाडी थांबवतो. कॉल खरा असेल तर पाच मिनिटांत दुसरी जिप्सी येते, मग तिसरी, मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना रांग. वाघाला रस्ता ओलांडायचा असतो आणि पर्यटकांना त्याचा चेहरा हवा असतो. मे २०२४मध्ये ताडोबात एका वाघिणीला चहूबाजूंनी गाड्यांनी घेरल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि चालक-गाईडांवर कारवाई झाली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात बछड्यांसह निघालेल्या वाघिणीची वाट गाड्यांनी अडवली. त्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून घेतली. दोन्ही वेळा शिक्षा झाली ती मुख्यतः चालकांना आणि गाईडांना. मागच्या बाकावरून 'भय्या, अजून थोडं पुढे' म्हणणारे घरी जाऊन रील टाकत होते.

आणि हा चेहरा मिळवण्याच्या नादात काय नजरेआड होतं? जामणीचं कुरण साइटिंगसाठी हमखास मानलं जातं. उंच गवत, पाणी, चितळांचे कळप. ते कुरण म्हणजे जामणी नावाचं गाव होतं. नवेगावचं कुरणही तसंच, तिथल्या घरांचं आणि शेतांचं पुनर्वसन झालं आणि जमीन गवताला मिळाली. वाघाच्या फोटोमागे दिसणारी आंब्याची झाडं कुणाच्या तरी परसातली आहेत. ही गोष्ट गाईडला ठाऊक असते, कारण अनेकदा तो त्याच किंवा शेजारच्या गावचा असतो. विचारलं तर तो सांगतो. विचारत कुणी नाही.

मोहर्लीकडून ताडोबाच्या तळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेनं गोंडकालीन दगडी खांब लागतात. राजाची स्वारी निघाली की दोर ओढून घंटा वाजवत पुढे वर्दी द्यायची, असं त्यांच्याबद्दल सांगतात. तळ्याच्या काठी तारू देवाचं ठाणं आहे. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी आदिवासींची कथा, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरून आलं असं मानतात. पौषात तिथं यात्रा भरायची. थोडक्यात, इथल्या लोकांनी देव केला तो वाघाला सामोरं गेलेल्या माणसाला. पर्यटन जाहिरातीत ही कथा कुठंतरी तळटीप म्हणून येते.

रानकुत्र्यांची टोळी शिकार करताना बघणं वाघ झोपलेला बघण्यापेक्षा किती तरी रोमांचक असतं, असं अनुभवी गाईड खासगीत सांगतात. अस्वल, गवा, उन्हाळ्यात पांढऱ्याफटक खोडाचं कांडोळ, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला ऐन, पळसाचा बहर यांच्यासाठी मात्र जिप्सी फार वेळ थांबत नाही. वाघापलीकडचं जंगल बघण्याची दृष्टी मराठी वाचकाला नवी नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी आणि मारुती चितमपल्लींनी जंगल पायी फिरून लिहिलं. चितमपल्लींना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांत पाखरं, झाडं आणि माणसं येतात, आणि वाघ येतो तो त्यांच्यातला एक म्हणून. त्यांना आदरांजली वाहणारे आणि 'दोन सफाऱ्या झाल्या, काहीच दिसलं नाही' म्हणणारे अनेकदा एकच असतात, ही आपल्या वाचनसंस्कृतीची एक गंमत.

साइटिंगचा खरा हंगाम एप्रिल-मे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला, पानगळ झालेली, पाणी मोजक्याच ठिकाणी. वाघ पाणवठ्यावर येणार आणि दुरून दिसणार, म्हणून आरक्षण मिळता मिळत नाही. नेमक्या ह्याच आठवड्यांत ताडोबाबाहेरच्या जंगलात पहाटे बायका शिरतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला. वर्षाचा मोठा रोख पैसा या दोन कामांतून हाती येतो, आणि तेंदूची पानं खुडायला खाली वाकावं लागतं. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. उघड्या जिप्सीत बसून वाघाच्या दर्शनासाठी हजारो रुपये मोजणारा आणि तेंदूच्या पुड्यासाठी झुडपात वाकणारी, दोघं एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात, एकाच प्राण्याच्या वाटेवर असतात.

चंद्रपूर जिल्ह्यातले अनेक वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर राहतात. ब्रह्मपुरी वनविभागात शेत, गाव, तळं आणि जंगल यांची सरमिसळ आहे आणि वाघ तिथं पिढ्या वाढवतो. तिथून तरणे वाघ वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरले. एके काळी वाघ दुर्मीळ झालेल्या वडसा-आरमोरी पट्ट्यात ते स्थिरावले. तिथं जिप्सी नाहीत, म्हणून वाघांना लाडकी नावं नाहीत. गडचिरोलीतला सर्वांत प्रसिद्ध वाघ 'सीटी-१', म्हणजे 'कॉन्फ्लिक्ट टायगर' क्रमांक एक. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी मिळून १३ जणांच्या मृत्यूंचा ठपका त्याच्यावर होता. ऑक्टोबर २०२२मध्ये त्याला बेशुद्ध करून पकडलं. मृताच्या कुटुंबाला आता २५ लाख रुपये मिळतात. रक्कम वाढली हे चांगलंच झालं, पण वनखात्याकडे गावकऱ्यांची मुख्य मागणी पैशांची नसते. वाघ फिरतो आहे हे वेळेवर कळवा, तेंदूच्या दिवसांत माणसं पाठवा, ही असते.

न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी. सफारीनं मोहर्ली, कोलारा, आगरझरी, जुनोना, अलिझंझा या गावांत रोजगार आणला. जी मुलं गाव सोडून नागपूरला गेली असती ती गाईड झाली, मुली जिप्सी चालवू लागल्या, होमस्टे उभे राहिले. वाघ जिवंत ठेवण्यात गावाचा फायदा आहे हे पैशांच्या भाषेत पटवणारं दुसरं काही अजून कुणाला सुचलेलं नाही. म्हणून सफारी बंद करा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण हा पैसा गेटच्या आसपास फिरतो. सिंदेवाहीच्या किंवा सावलीच्या आतल्या गावात वाघ येतो, पर्यटक येत नाही.

वाघाच्या या झगमगाटात सगळ्यात जास्त झाकोळलं आहे ते गडचिरोली. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जंगल, तरी बाहेरच्या माणसाच्या मनात नक्षलवाद आणि हेमलकसा यांपलीकडे चित्र नाही. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा सहा हेक्टरचा जुन्या सागवानाचा राखलेला तुकडा २०१४ साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. आलापल्ली-चंद्रपूरच्या सागवानाची पहिली खेप मार्च २०२३मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी गेली, तेव्हा दोन दिवस या लाकडाचं नाव झालं. कोलामार्क्यात रानम्हशी आहेत, महाराष्ट्रात वाघाहून कितीतरी दुर्मीळ. त्यांचा एकही लाडका फोटो कुणाच्या भिंतीवर नाही. चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याच्या देवळांना 'विदर्भाचं खजुराहो' म्हणायची पद्धत पडली आहे. वैनगंगेकाठची ही देवळं स्वतःच्या नावावर खपत नाहीत, त्यांना मध्य प्रदेशाचं नाव उसनं घ्यावं लागतं. ही जाहिरात उपकारापेक्षा अपमानाकडेच जास्त झुकते.

आणि मग झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याची रंगभूमी. दिवाळी संपली की मंडई म्हणजे गावजत्रा भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक असतं. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या रंगभूमीचं ठाणं. तिथं नाटक मंडळांची कार्यालयं ओळीनं आहेत आणि होळीपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावात प्रयोग लागलेला असतो. पडदा रात्री दहाच्या पुढे उघडतो आणि पहाटे पडतो. गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे असतात, त्यात मुलामुलींची लग्नंही जुळतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे शेकडो नाटकांतून हजारो प्रयोग करत आले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेक नाट्यरसिकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

इथंही साइटिंगची बाधा झालीच. मालिकेतला किंवा सिनेमातला चेहरा मुंबईहून आणायचा, फलकावर त्याचा फोटो सर्वांत मोठा छापायचा, ही रीत रुळली आहे. पाहुणा नट दोन प्रवेश करतो, टाळ्या घेतो, पहाटेच्या आत निघतो. नाटक उरलेले पाच तास ओढतात ते वडसा, नवरगाव, ब्रह्मपुरीकडचे नट, गायक आणि वादक, आणि प्रेक्षक थंडीत घोंगडी पांघरून बसतो तोही त्यांच्यासाठीच. निर्मात्यांचं म्हणणं असं की मोठा चेहरा नसेल तर गावची समिती तारीख देत नाही. असेल, पण पाहुण्याला मोजलेल्या पैशांत स्थानिक संचाचे किती प्रयोग बसतात, हा हिशेब कधीतरी मंडळांनी उघडपणे मांडायला हवा.

डिसेंबर-जानेवारीत ताडोबाला जाणाऱ्यांनी सफारी जरूर करावी, गाईडला वाघाआधी जामणीबद्दल विचारावं आणि गाड्यांच्या रांगेत आपली गाडी मागे ठेवायला सांगावं. मग एक संध्याकाळ राखून ठेवावी. सिंदेवाही, ब्रह्मपुरी किंवा वडशाच्या बसथांब्यावरच्या चहावाल्याला आज नाटक कुठं आहे एवढं विचारलं तरी पत्ता मिळतो. तिकीट सफारीच्या मानानं अगदी किरकोळ असतं, आरक्षण लागत नाही. घोंगडी मात्र सोबत न्यावी, आणि रात्री परतताना जंगलातल्या रस्त्यावर गाडीतून खाली उतरू नये.