कुट्टीचा वेग वाढवाल, तर जबाबदारीही वाढेल

शाळूची काढणी उरकली, कडब्याच्या गंजी रचल्या, की माण-खटावपासून जतपर्यंत गोठ्यागोठ्यांतून कडबाकुट्टीचा आवाज येऊ लागतो. हे यंत्र आपल्या मुलखाला परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात असतानाच कडबा कापण्याची यंत्रे बनवायला सुरुवात केली होती. पुढे औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात.

हाताने फिरवायचे यंत्र माणूस थांबला की थांबे. मोटार बसवल्यावर तसे होत नाही. म्हणूनच मोटारीच्या यंत्रात फेरफार करताना दहादा विचार करा.

फेरफार कोणते?

पहिला फेरफार पुलीचा. मोटारीची ३ इंची पुली काढून ४ इंची बसवली, की चाकाचा वेग एक तृतीयांशाने वाढतो. पण चाकावरचा आणि पात्यांच्या बोल्टांवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होतो. बिडाचे चाक वाकत नाही, एकदम फुटते. सुटलेले पाते कोणाला लागेल याचा नेम नाही.

दुसरा फेरफार वैरण सारायच्या तोंडावरचे झाकण काढण्याचा. घास मोठा बसतो, पण हातही आत जातो. मळणी यंत्रासाठीच्या भारतीय मानकात हे तोंड किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातले ४५ सेंटिमीटर झाकलेले असावे, असे सांगितले आहे, ते हात आतपर्यंत पोचू नये म्हणूनच.

तिसरा फेरफार वैरण मागे फिरवणारा दांडा बांधून ठेवण्याचा. हात ओढला गेला, तर सुटकेचा तोच एक मार्ग असतो. चौथा स्टार्टरचा. लाईट आल्यावर मोटार आपोआप सुरू व्हावी अशी जोडणी विहिरीवर चालेल, गोठ्यात नाही. अडकलेला कडबा काढायला कोणी हात घालावा आणि त्याच वेळी लाईट यावी, एवढे पुरे.

भरपाई कोणी द्यायची?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, अपघाताच्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याकडे भरपाई मागता येत नाही. मग उरता तुम्ही आणि फेरफार करून देणारा वर्कशॉपवाला.

यांत्रिक शक्तीवरच्या साधनाने शेतीकाम करणारा मजूर जुन्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात होता आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मजुराने स्वतः मुद्दाम झाकण काढले, तर काही बाबतींत मालकाला बचाव मिळतो. झाकण तुम्हीच काढले असेल, तर तो बचाव कसा मागणार?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मृत्यू झाल्यास २ लाख आणि एक हात किंवा पाय गेल्यास १ लाख रुपये मिळतात. पण ती मदत खातेदार शेतकऱ्याच्या घरासाठी आहे. तुमच्याकडे रोजाने आलेल्या भूमिहीन बाईला तिचा आधार नाही.

मग काय करावे?

कुट्टी कमी पडत असेल, तर आधी पाती पाहा. बहुतेक वेळा ती बोथट झालेली असतात, किंवा पाते आणि पट्टी यांतले अंतर वाढलेले असते. धार लावा, अंतर नीट करून घ्या, बोल्ट कंपनीच्या मापाचेच वापरा. जनावरे वाढली असतील, तर मोठे यंत्र घ्या. पदर खोचल्याशिवाय, हातात सैल बांगड्या असताना किंवा अंधारात वैरण सारू देऊ नका. पोरांना जवळ फिरकू देऊ नका. मोटारीचे बटण वैरण सारणाऱ्याच्या हाताशी ठेवा.

दिवसाकाठी पाव तास वाचला, तर तो पुढे कधीतरी भरून काढता येतो. तुटलेला हात मात्र परत येत नाही.