मातृभूमी नसण्याचा अर्थ : मणिभवनातील संवाद आणि देशनिष्ठेची संकल्पना

प्रस्तावना

स्वतःच्या देशाविषयी आपुलकी न वाटणे ही बाब सामान्यतः दोषास्पद मानली जाते. मातेविषयीचे प्रेम जसे उपजत असते, तसेच जन्मभूमीविषयीचे प्रेमही उपजत असते, असे गृहीत धरले जाते. साहजिकच ज्याच्या ठायी ते आढळत नाही, त्याच्याकडे कृतघ्न म्हणून पाहिले जाते. या गृहीतकाची कठोर तपासणी करणारा एक प्रसंग आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदलेला आहे. दि. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईतील मणिभवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महात्मा गांधी यांची भेट झाली. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या तोंडावर झालेल्या या भेटीत, आपल्याला मातृभूमी नाही, असे डॉ. आंबेडकरांनी गांधीजींना स्पष्टपणे सांगितले. प्रस्तुत लेखात या विधानाचा अर्थ त्याच्या सामाजिक संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

अनासक्तीचे तीन प्रकार

देशाविषयी आसक्ती नसणे ही एकच एक मनोवस्था नव्हे. पहिला प्रकार उदासीनतेचा होय. यात व्यक्तीला सार्वजनिक जीवनाविषयीच आस्था नसते. दुसरा प्रकार विश्वव्यापी मानवतावादाचा होय. रवींद्रनाथ टागोरांनी १९१६ साली जपान व अमेरिका येथे दिलेल्या व्याख्यानांत राष्ट्रवादावर जी टीका केली, तिचा समावेश या प्रकारात करता येईल. तिसरा प्रकार परात्मतेचा होय. यात व्यक्तीला देश हवा असतो; परंतु देशातील समाजव्यवस्था तिला आपले मानत नाही. डॉ. आंबेडकरांचे विधान या तिसऱ्या प्रकारात मोडते. पहिल्या दोन प्रकारांत अंतर व्यक्तीकडून निर्माण होते, तर तिसऱ्यात ते तिच्यावर लादले जाते. हा भेद लक्षात न घेतल्यास या विधानाचा विपर्यास होण्याची शक्यता असते.

विधानाची पार्श्वभूमी : पाण्याचा प्रश्न

धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात हा संवाद आलेला आहे. त्यानुसार, गोलमेज परिषदेतील कार्यावरून डॉ. आंबेडकर हे थोर देशभक्त असल्याचे आपणास समजले आहे, असे गांधीजींनी म्हटले. डॉ. आंबेडकरांनी मात्र, ज्या भूमीत आपल्या लोकांना पिण्याचे पाणीही मिळत नाही, तिला आपली कसे म्हणावे, असा प्रतिप्रश्न केला. येथे पाण्याचा उल्लेख केवळ अलंकारिक नाही. त्यामागे महाडचा प्रत्यक्ष अनुभव होता.

सार्वजनिक निधीतून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. तथापि हा अधिकार कागदावरच राहिला. दि. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले व पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरमधील सत्याग्रह न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे स्थगित ठेवावा लागला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय मिळण्यास १९३७ साल उजाडले. म्हणजेच मणिभवनातील भेटीच्या वेळी हा दावा न्यायालयात प्रलंबित होता. विधिमंडळाचा ठराव, नगरपालिकेची मान्यता आणि प्रत्यक्ष तळे या तिन्ही गोष्टी अस्तित्वात असूनही पाण्याचा हक्क मात्र अस्तित्वात नव्हता.

परकीय सत्तेविषयीची भूमिका

स्वदेशाविषयी अनासक्ती म्हणजे परकीय सत्तेविषयी निष्ठा, असा अर्थ काही वेळा काढला जातो. वस्तुस्थिती त्याला दुजोरा देत नाही. पहिल्या गोलमेज परिषदेत नोव्हेंबर १९३० मध्ये केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी इंग्रजी राजवटीलाही हाच निकष लावला. या राजवटीपूर्वी अस्पृश्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. राजवट आल्यावर तरी तो हक्क मिळाला काय, असा त्यांचा सवाल होता. नोकरशाहीच्या जागी लोकांचे राज्य यावे, अशी मागणीही त्यांनी त्याच भाषणात केली. सारांश, सत्ता स्वकीय असो वा परकीय, तिने माणसाला माणूस म्हणून वागवले की नाही, हाच त्यांचा निकष होता.

निष्ठेचा अभाव नेमका कोठे?

'जातिनिर्मूलन' (१९३६) या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. जातिव्यवस्थेने सार्वजनिक वृत्ती नष्ट केली असून व्यक्तीची निष्ठा तिच्या जातीपुरतीच मर्यादित झाली आहे, असे विश्लेषण त्यांनी केले. यावरून एक महत्त्वाची बाब निदर्शनास येते. ज्याला पाणवठ्यावरून हाकलले जाते, त्याच्या देशनिष्ठेविषयी शंका घेतली जाते. परंतु हाकलणाऱ्याची निष्ठाही देशाशी नसून जातीशीच असते, हे दुर्लक्षित राहते. राष्ट्रीयत्व ही परस्परांना आप्त मानण्याची सामाजिक भावना आहे, अशी मांडणी त्यांनी पुढे पाकिस्तानविषयक ग्रंथात (१९४०) केली. जेथे एक समूह दुसऱ्याचा स्पर्शही टाळतो, तेथे ही भावना दोहोंपैकी कोणाच्याही ठायी पूर्णत्वाने असू शकत नाही.

नकाराकडून निर्मितीकडे

डॉ. आंबेडकरांचे विधान हा अंतिम निर्णय नव्हता. मुंबई विधानसभेत १९३८ साली बोलताना, सर्वांनी प्रथम भारतीय व अंतीही भारतीयच असावे, अशी भूमिका त्यांनी मांडली. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी संविधाननिर्मितीचे नेतृत्व केले. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या आधारे होणाऱ्या भेदभावास मनाई करण्यात आली. अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. महाडच्या तळ्याकाठी जो हक्क नाकारला गेला होता, तो अशा रीतीने देशाच्या मूलभूत कायद्यात समाविष्ट झाला. तरीही दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. कायद्याने हक्क मिळतो. बंधुता मात्र समाजाला आचरणातून निर्माण करावी लागते, हे त्यांना ज्ञात होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, देशाविषयीची आपुलकी ही केवळ जन्माने प्राप्त होणारी भावना नसून समान वागणुकीतून रुजणारे नाते आहे. ज्यांना या वागणुकीपासून वंचित ठेवले जाते, त्यांच्याकडून निष्ठेची अपेक्षा करणे म्हणजे एकाच पक्षाने करार पाळावा असे म्हणण्यासारखे आहे. त्याचबरोबर, आपल्याला देश नाही असे म्हणणारी व्यक्ती अनेकदा देशाविषयी सर्वाधिक गांभीर्याने बोलत असते, हेही मणिभवनातील संवादातून स्पष्ट होते. महाविद्यालयीन अध्यापनात राष्ट्रवाद व नागरिकत्व या संकल्पना शिकवताना विद्यार्थ्यांच्या देशप्रेमाचे मोजमाप करण्यापेक्षा, हा देश सर्वांना आपला वाटावा यासाठी वर्ग, वसतिगृह व पाणवठा येथे काय करावे लागेल, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष वेधणे अधिक उपयुक्त ठरेल.