आजोबांची नोंद आणि आजीचे माहेर : खानदेशातील कुलवृत्ताची साधने

मराठीत कुलवृत्तान्ताची परंपरा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापून प्रसिद्ध केले. या ग्रंथांमागे दोन गोष्टी गृहीत होत्या : घराण्यात लिहिते-वाचते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले आहेत आणि घराण्याचे मूळ गाव निश्चित आहे. खानदेशातील बहुसंख्य कुटुंबांना या दोन्ही गोष्टी लागू पडत नाहीत. आजोबा निरक्षर, आजीचे नाव लग्नात बदललेले, गाव दुष्काळात सुटलेले आणि आडनाव शाळेतील मास्तरांनी घातलेले, अशा घराचा वृत्तान्त कोणत्या साधनांतून लिहावयाचा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या जिल्ह्यांपुरता केला आहे. साधने विपुल आहेत. परंतु ती बव्हंशी जमिनीच्या आणि महसुलाच्या हिशेबासाठी निर्माण झालेली आहेत. माणूस जेथे वसतो तेथे ती त्याला ओळखतात, त्याने गाव सोडले की ती ओळख तेथेच संपते. परिणामी स्थलांतरित आजोबा दोन दप्तरांत दोन भिन्न माणसे म्हणून उरतात. ती दोन माणसे एकच होत हे दप्तर सांगत नाही. ते कळते बोलीवरून, कुळाचारावरून आणि घरातील बायकांच्या स्मृतीवरून. म्हणूनच हा विषय केवळ इतिहास विभागाचा नाही.

खानदेश हा मुळात येणाऱ्या माणसांचा प्रांत आहे. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल बसला तेव्हा युद्धे, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि १८०३-०४चा दुष्काळ यांनी येथील असंख्य गावे ओस पडलेली होती. पुढे लागवड वाढली ती बाहेरून आलेल्या व परत आलेल्या कुटुंबांच्या बळावर. गुजर आणि लेवा पाटीदार या समाजांत आपण गुजरातेतून आलो ही परंपरा दृढ आहे. १८६० नंतर लोहमार्ग भुसावळपर्यंत आला, कापसाचा व्यापार वाढला, १९००च्या सुमारास धुळे-चाळीसगाव आणि तापी खोऱ्यातील सुरतेकडचा मार्ग सुरू झाला. जळगाव, अमळनेर, धुळे येथील गिरण्यांनी खेड्यांतील माणसे ओढून घेतली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत तर घरेच्या घरे हालली. ही सर्व हालचाल आकड्यांत सापडते, नावांत सापडत नाही. जनगणनेत जन्मजिल्ह्यांचे तक्ते आहेत, परंतु घरोघरी भरलेले मूळ तक्ते जपले गेले नाहीत. त्याच राज्यकर्त्यांनी स्वदेशातील घरपट्टिका मात्र सांभाळल्या आणि शंभर वर्षांनी त्या खुल्या करण्याचा प्रघात ठेवला. १९२१ची गणना तेथील वाचकास २०२२ पासून नावानिशी पाहता येते. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुराचीही स्थिती एका अर्थी बरी म्हणावी लागेल. करारबद्ध मजूर म्हणून त्याला क्रमांक मिळाला. नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरील खूण असे सारे लिहिले गेले. आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या त्याच्या वंशजांना पाहावयास मिळतात. पारोळ्याहून अमळनेरच्या गिरणीत पायी गेलेल्या माणसाची उंची कोणी मोजली नाही.

शोध घेणाऱ्याची पहिली अडचण स्थलनामाची असते. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, बागलाण हा भाग खानदेशातून निघाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर त्यांची नावे जळगाव आणि धुळे झाली, तर १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. एकाच ओसरीवर जन्मलेल्या पणजोबा, आजोबा व नातू यांच्या दाखल्यांवर त्यामुळे खानदेश, पश्चिम खानदेश आणि नंदुरबार अशी तीन जिल्हानामे येऊ शकतात. यास स्थलांतर समजून फसणारे अभ्यासक कमी नाहीत.

सरकारी साधनांत सर्वांत मोलाचे, आणि सर्वांत कमी वाचले जाणारे, साधन म्हणजे गाव नमुना नंबर चौदा. लोक त्यास कोतवाल बुक म्हणतात. गावातील जन्ममृत्यूंची ही वही जुन्या काळात बहुधा मोडीत असे. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढेच आढळते. बारसे व्हायच्या आत नोंद होत असल्याने बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच. येथे एक सामाजिक रीत ध्यानात घ्यावी लागते. पहिले बाळंतपण माहेरी होते. आजोबा थोरले असतील तर त्यांचा जन्म त्यांच्या बापाच्या गावच्या वहीत नसून पणजीच्या माहेरच्या वहीत असावयाचा. वडिलांच्या गावी नोंद मिळत नाही म्हणून निराश होऊन परतणारे वारसदार चुकीच्या गावी शोधत असतात. उलट, ती नोंद मामाच्या गावी सापडली तर एका कागदाने दोन कामे होतात : आजोबांचा जन्म निश्चित होतो आणि पणजीचे माहेर, जे अन्यत्र कोठेही लिहिलेले नसते, तेही हाती लागते. तेथे जायचे कसे, हा प्रश्न उरतोच; कारण माहेरचे गाव कोणते हे आधी कोणाच्या तरी आठवणीतूनच कळावे लागते.

जमिनीच्या कागदांची परिभाषा माहीत नसेल तर त्यांतून फारसे काही निघत नाही. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा; ‘कोम’ व ‘भ्र.’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ‘ए. कु. क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. एखाद्या फेरफारात लहान मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ म्हणून आईचे नाव आले, तर बाप तरुणपणी वारला आणि विधवेने शेत सांभाळले, एवढी कहाणी त्या तीन अक्षरांत असते. स्त्रियांचा विचार करता १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा हा या दप्तरांतील मोठा टप्पा होय. त्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींची नावे येऊ लागली आणि त्यांच्या नावापुढे सासरचे गाव लिहिले जाऊ लागले. माहेर आणि सासर ही दोन्ही गावे एका ओळीत आणणारी सरकारी नोंद ती हीच. बहुतेक ठिकाणी त्यापाठोपाठ हक्कसोडपत्र येते. आजी दप्तरात आली ती आपला हिस्सा भावांना सोडून देताना आली, ही गोष्ट अभ्यासकाने नुसती टिपून पुढे जाऊ नये असे वाटते.

आडनावाचा प्रश्न खानदेशात विशेष बिकट आहे. पाटील, चौधरी, महाजन ही येथे मुळात पदांची नावे. परंतु शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ती आडनावे म्हणून स्थिरावली आणि कुळाचे मूळ नाव घरातच राहिले. एका भावाच्या मुलांचे आडनाव पाटील आणि दुसऱ्याच्या मुलांचे कुळाचे, असा प्रकार दोन वेगळ्या शाळांमुळे घडतो. त्याच रजिस्टरातील जन्मतारीखही जपून वापरावी. मास्तरांनी वयाचा अदमास घेऊन १ जून ही तारीख इतक्या मुलांना दिली आहे की त्या काळी खानदेशात पावसाळ्याआधी एकाच दिवशी सारी प्रजा जन्मत असावी असा समज व्हावा! घरातील वृद्धांचे सांगणे त्यापेक्षा विश्वसनीय ठरते. ‘मानमोडीच्या साथीत’ म्हणजे १९१८, ‘छप्पन्नच्या काळात’ म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. शकात ७८ मिळवावे, संवतातून ५७ वा ५६ वजा करावे, फसली सनात सुमारे ५९० मिळवावे, एवढे कोष्टक जवळ असले की तोंडी कालगणना कागदाशी जुळू लागते.

कुळपरंपरेच्या साधनांत भाटांच्या वह्या आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही दोन प्रमुख होत. भाट यजमानांच्या गावी येऊन वही वाचतो, नवे पुरुष चढवितो; मुलींचा उल्लेख तेथे बहुधा नसतो आणि प्रारंभीच्या पिढ्यांत गौरवाचा भाग असतो. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांची वही त्या मानाने कोरडी, म्हणून अधिक उपयोगी. यात्रेस आलेल्या माणसाने बाप, आजा, भाऊ, मुलगे आणि गाव सांगावयाचे. सोबत आई वा पत्नी असल्यास तिचेही नाव पुष्कळदा चढते. कुटुंबाने गाव बदलले तरी उपाध्याय तोच राहतो. स्थलांतरापूर्वीचे आणि नंतरचे गाव एकाच घराण्याखाली आढळण्याची शक्यता म्हणूनच येथे अधिक. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे हिंडून गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यातच निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. पण ज्यांच्या घरी दप्तराचा रुमाल होता त्यांच्याच घरी राजवाडे जाऊ शकत होते. ज्यांच्या घरी रुमाल नव्हता त्यांचे दप्तर कानबाईच्या रोटात पाहावे लागते. श्रावणातील या उत्सवात रोट खावयास बसतात ते एका कुळाचे भाऊबंद. सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत दोन पिढ्या काढलेली कुटुंबेही त्यासाठी गावी येतात. आडनावे भिन्न झालेली दोन घरे एका रोटाला बसत असतील, तर त्यांचे मूळ एक मानण्यास ते सबळ कारण होय. कुलदैवताचेही तसेच. धुळ्याची एकवीरा की म्हसदीची धनदाई, यावरून शोधाची दिशा ठरते.

बोलीचा पुरावा याहून सूक्ष्म आहे. अहिराणी बोलणारी स्त्री ‘मन्हा’, ‘तुन्हा’ म्हणते, यावल-रावेरकडील लेवा बोलीत ‘माह्या’ येते. बाई सासरी पन्नास वर्षे राहिली तरी तिच्या दळणाच्या ओव्यांत, शिव्यांत आणि भाज्यांच्या नावांत माहेरची बोली टिकून राहते. दप्तरात न सापडणारे माहेर या मार्गाने निदान एखाद्या तालुक्यापर्यंत आणता येते. बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण येथे बोलके आहे. असोद्याच्या महाजनांची ही लेक तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी घराण्यात आली. दोन्ही गावांतील अंतर थोडे, बोली एक, त्यामुळे स्थलांतर म्हणून त्याची कोणी दखलही घेणार नाही. त्या निरक्षर होत्या. पुत्र सोपानदेव आणि मावसभावाने त्यांची गाणी उतरून घेतली नसती आणि १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली नसती, तर त्यांच्याविषयी आपणास जे कळले असते ते कुणाच्या तरी ‘भ्र.’ एवढेच. त्यांच्या गाण्यांत माहेरची वाट आहे, घरोटा आहे, पेरणी आहे. कुलवृत्ताचे साधन म्हणून ती अद्याप पुरेशी वाचली गेलेली नाहीत, असे माझे मत आहे.

हा सारा खटाटोप जिज्ञासेपुरता राहिलेला नाही. जातीचे प्रमाणपत्र मिळविताना महाराष्ट्रात मानीव दिनांक पाहिले जातात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी आजोबा वा वडील कोठे राहत होते आणि वहीत त्यांची जात काय लिहिली आहे, यावर नातवाचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून असते. सीमेवरील तालुक्यांत याचा जाच अधिक. १ मे १९६० रोजी पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवा तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. तेथून पुढे दोन-तीन कोसांवर येऊन राहिलेला माणूस कागदोपत्री परराज्यातून आलेला ठरतो; त्याच्या बापाने मात्र सारे आयुष्य पश्चिम खानदेशातच काढलेले असते.

सातपुड्यातील वनगावांत तर कोतवाल बुक व सातबारा यांची वाटच फार उशिरा पोहोचली. तेथे आजोबांचा पत्ता म्हणून टेकडीचे अथवा ओढ्याचे नाव मिळते. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावांची जमीन सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली आणि अनेक कुटुंबांच्या नातवंडांचे जन्म तळोदे-शहादे भागातील वसाहतींत नोंदले जाऊ लागले. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी दाव्याच्या पुराव्यांत वंशावळ आणि गावातील वृद्धांचे लेखी उतरविलेले निवेदन हे दोन्ही ग्राह्य धरले आहेत. वृद्ध सांगतो भिली वा पावरी बोलीत, उतरविणारा लिहितो प्रमाण मराठीत. आतेचे घर, मामाचे घर, सोडलेला फळा, नवा फळा या सर्वांसाठी त्याच्यापाशी बहुधा एकच शब्द असतो, ‘नातेवाईकांकडे राहत होते’, आणि दाव्याच्या फाइलीत तेवढाच जातो.