गुराबेचे पाणी

पुण्याला समुद्र नाही, पण अठराव्या शतकात कोकणच्या आरमाराचे भवितव्य ठरले ते पुण्यातच, पेशव्यांच्या दरबारात. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात कोकणचे आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले आणि एक समज रुजला, की मराठ्यांची जहाजेच इंग्रजांपुढे कच्ची होती. त्या जहाजांची बांधणी नीट पाहिली तर हा समज टिकत नाही. गुराब म्हणजे दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज. दोन काठ्यांची सुमारे दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशेची. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात थोडीच बुडणारी, नाळ पुढे लांब निघालेली. समोरून लाट आली की गुराब जोरात गचके खाई, म्हणून नाळेला कठडा ठेवत नसत. चढलेले पाणी आपोआप वाहून जाई. नाळेमागच्या आडव्या भिंतीतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे मारा करीत. जड तोफा पुढे ठेवणारे जहाज पाठलागासाठीच बांधलेले असते. सोबतच्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडून मोठे जहाज जागीच अडकले, की गलबते गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला नेत, कारण तिथे त्याच्या तोफा सर्वांत कमी. आधी डोलकाठ्या आणि दोरखंड तोडायचे, मग तलवारी घेऊन माणसे चढवायची. १७३५ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज आंग्र्यांच्या आरमाराने पकडले.

यावर कोणी म्हणेल, खुल्या समुद्रात तोफेला तोफ भिडवली असती तर गुराब टिकली नसती. खरे आहे, पण ती त्यासाठी बांधलीच नव्हती. पुढे इटलीत बेनेदेत्तो ब्रिन यांनी ‘रेजिना मार्गेरिता’ वर्गाच्या युद्धनौका आखताना वेगासाठी चिलखत पातळ ठेवले. काय सोडायचे हे ठरवल्याशिवाय जहाज आखताच येत नाही, आणि कोकणच्या कारागिरांनी खाड्या, उथळ किनारा आणि पडता वारा पाहून ते अचूक ठरवले होते.

मग विजयदुर्गाला काय झाले? तुळाजी स्वतः पेशव्यांच्या छावणीत बोलणीला गेलेले, जमिनीवर पेशव्यांची फौज, समुद्रात त्यांच्या मदतीला आलेल्या इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा आणि गुराबा किल्ल्याखाली एकत्र बांधून उभ्या. एका जहाजाला आग लागली, ती सगळ्यांवर पसरली. चपळाई हेच ज्यांचे बळ, त्या जहाजांना हलताच आले नाही. तुळाजी पुण्याला जुमानत नव्हते, नानासाहेब पेशव्यांना त्यांचा बंदोबस्त करणे भाग होते, हा मुद्दा मी मान्य करतो. पण सरदाराला आवरण्यासाठी इंग्रजांना बंदरात आणणे ही मोठी चूक होती, आणि तिचे खापर जहाजांवर फोडणे अन्यायाचे आहे. त्याच विजयदुर्गाच्या समुद्रात ८ एप्रिल १७८३ रोजी पेशव्यांच्या आरमाराने, आनंदराव धुळपांच्या हाताखाली, गलबतांच्या साथीने कंपनीचे ‘रेंजर’ जहाज लढून ताब्यात घेतले.