रात्र नसलेली दुर्बीण

केप्लर दुर्बीण नासाने पाठवली परग्रह शोधायला. मार्च २००९मध्ये ती सूर्याभोवतीच्या कक्षेत, पृथ्वीच्या मागोमाग निघाली आणि हंस-स्वरमंडल भागातला आकाशाचा एकच तुकडा चार वर्षं पाहत राहिली. दीड लाखांहून अधिक तारे, आणि दर अर्ध्या तासाला त्यांच्या तेजाची नोंद. महिन्यातून एकदा नोंदी पाठवायला पृथ्वीकडे वळायची, तेवढाच काय तो मोठा खंड.

मला मात्र तिचं खरं मोल कळलं ते त्याच तुकड्यात येणाऱ्या एका रूपविकारी ताऱ्यामुळे. आरआर लायरी हा तारा स्वरमंडल या अभिजितच्याच तारकासमूहातला. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, द्विनेत्रीतून दिसतो. विल्यमिना फ्लेमिंग यांनी हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासताना तो हेरला, त्याला शतक उलटून गेलं. साधारण १३.६ तासांत तो एकदा फुगतो आणि आकसतो. बाहेरच्या थरातला हेलियम झडपेचं काम करतो: थर दाबला गेला की उष्णता कोंडायची, पसरला की सोडायची. शिवाय या ठोक्यांची उंचीही सुमारे ४० दिवसांत कमी-जास्त होते. हा ब्लाझ्को परिणाम. असा प्रकार १९०७पासून माहीत आहे, पण त्याच्या कारणावर अजून एकमत नाही.

इतका पाहून झालेला तारा. तरी २०१०मध्ये केप्लरच्या पहिल्या काही महिन्यांच्या नोंदींत नवंच दिसलं: कधी कधी एक ठोका उंच, पुढचा बुटका, पुन्हा उंच.

शंभर वर्षं हे कुणालाच कसं दिसलं नाही? हिशेब करून पाहा. रात्री दहाला ताऱ्याचं तेज कमाल झालं, तर पुढची कमाल सकाळी साडेअकराच्या सुमारास, लख्ख उन्हात. त्यानंतरची रात्री सव्वाएकला. म्हणजे एका जागेवरून पाहणाऱ्याच्या वाट्याला लागोपाठच्या रात्री एकाआड एकच ठोका येणार. निरीक्षकांच्या कसबात काही उणं नव्हतं. मधे दिवस उगवत होता.

या उंच-बुटक्या ठोक्यांच्या कारणाचा माग बुडापेस्टच्या कोंकोली वेधशाळेतल्या अभ्यासकांनी काढला. मूळ स्पंदनाच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात ताऱ्याचा नववा अधिस्वर, म्हणजे मूळ स्पंदनाहून जलद असा एक कंप, नऊ फेऱ्या पुऱ्या करतो, आणि त्या अनुनादातून ठोके असे जोडीने चालू लागतात.

मे २०१३मध्ये केप्लरची दिशा स्थिर ठेवणाऱ्या चक्रांपैकी दुसरं निकामी झालं आणि तो तुकडा सुटला. ऑक्टोबर २०१८मध्ये इंधनही संपलं. नंतरची टेस दुर्बीण जवळजवळ सगळं आकाश पाहते, पण एका पट्टीवर सलग सुमारे २७ दिवसच थांबते. आरआर लायरीचा ब्लाझ्को फेरा तेवढ्यात पुरा होत नाही. म्हणून अभ्यासक आजही केप्लरच्या जुन्या नोंदी उघडून बसतात.