बोर्दोच्या मिश्र वाइनचा समतोल आणि वाढते तापमान

फ्रान्सच्या नैऋत्य भागातील बोर्दो परिसरात तयार होणारी रेड वाइन बहुधा एकाच जातीच्या द्राक्षांची नसते. वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांपासून स्वतंत्रपणे वाइन तयार करून नंतर त्या विशिष्ट प्रमाणात एकत्र केल्या जातात. हे मिश्रण केवळ चवीसाठी नव्हे, तर लहरी हवामानापासून संरक्षण म्हणूनही उपयुक्त ठरले आहे. तापमानवाढीमुळे आता या पद्धतीचीच कसोटी लागली आहे.

या मिश्रणातील प्रमुख जाती दोन. मेर्लोमुळे वाइनला मऊपणा, भरीवपणा आणि पिकलेल्या अलुबुखारासारखा स्वाद लाभतो. काबेर्ने सोव्हिन्योंमुळे गडद रंग, ब्लॅककरंट या फळाचा गंध आणि टॅनिन या घटकाचा तुरटपणा येतो. द्राक्षे पुरेशी पिकली नसतील, तर तिला ढोबळी मिरचीसारखा वास येतो. काबेर्ने फ्रांमुळे सुगंधात भर पडते, तर पेती व्हेर्दो रंग आणि तुरटपणा वाढविण्यासाठी अल्प प्रमाणात वापरली जाते.

मिश्रणाचे प्रमाण जमिनीवरही अवलंबून असते. जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावरील मेदोक भागात गोट्यांची, पाण्याचा लवकर निचरा होणारी जमीन असल्याने तेथे काबेर्ने सोव्हिन्योंचे प्राबल्य आहे. ही वाइन सुरुवातीला कठोर वाटते. मात्र अनेक वर्षे मुरल्यानंतर तिला देवदाराच्या लाकडासारखा गंध येतो. दोर्दोन्य नदीच्या उजव्या तीरावरील सेंत-एमिलिओं आणि पोमेरोल येथे मेर्लो अधिक असते. तेथील वाइन तुलनेने लवकर मृदू होते.

आस्वाद घेताना प्रथम गंध, नंतर आंबटपणा आणि तुरटपणा पाहिला जातो. दाट कोरा चहा प्यायल्यावर तोंड कोरडे पडते, तसाच परिणाम टॅनिनमुळे होतो. उत्तम मिश्रणात कोणताही एक घटक इतरांवर मात करीत नाही आणि घोट गिळल्यानंतरही चव काही काळ रेंगाळते.

मेर्लोला पालवी लवकर फुटते, त्यामुळे तिला वसंत ऋतूतील हिमतुषाराचा धोका असतो. काबेर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते, म्हणून तिला शरद ऋतूतील पावसाची भीती असते. एकीचे नुकसान झाले, तर दुसरीचा आधार मिळतो.

वाढत्या तापमानामुळे मात्र द्राक्षे लवकर पिकू लागली आहेत. त्यांतील साखर वाढली की वाइनमधील मद्यार्काचे प्रमाण वाढते आणि आंबटपणा घटतो. बोर्दोतील लाल द्राक्षांच्या लागवडीत सर्वाधिक वाटा असलेल्या मेर्लोला याची झळ अधिक बसते. परिणामी ताजेपणा हरपून वाइन जड लागण्याची शक्यता असते.

या पार्श्वभूमीवर २०२१ मध्ये ‘बोर्दो’ आणि ‘बोर्दो सुपेरिअर’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या वाइनसाठी सहा नव्या जातींना मान्यता देण्यात आली. त्यांत आरिनार्नोआ, कास्ते, मार्सलान आणि मूळची पोर्तुगालची तूरिगा नासिओनाल या चार लाल जातींचा समावेश आहे. मात्र उत्पादकाला या जातींची लागवड आपल्या द्राक्षमळ्याच्या ५ टक्के क्षेत्रापर्यंतच करता येते आणि मिश्रणातही त्यांचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही. हवामानाशी जुळवून घेताना बोर्दोची ओळखीची चव झाकोळू नये, हा या मर्यादेमागील विचार आहे.