थंडीच्या भिंतीआड

आमच्या शहरात, औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत दिवाळी अंकांच्या थप्प्या लागतात, तिथून समुद्र अडीचशेहून अधिक किलोमीटर. तिसऱ्या, कालवं हे आमच्याकडे कोकणात बदली झालेल्या पाहुण्यांच्या तोंडचे शब्द. शिंपला पाहायचा तर पैठण गाठावं. उन्हाळ्यात तिथला नाथसागर जलाशय मागे सरला की गाळात गोड्या पाण्यातले शिंपले उघडे पडतात. त्यांचं जगणं पाण्याच्या पातळीवर. ध्रुवाकडे पाण्याला तोटा नाही. तिथं सगळं बर्फाच्या हातात.

अशा गारठ्यात शिंपले कसेबसे तग धरत असतील, असं आपल्याला वाटतं. खरं तर गारठाच त्यांना पोसतो. समुद्रावरच्या बर्फाच्या पोटाला शेवाळ धरतं आणि बर्फ सुटू लागला की ते तळाशी जातं. वरच्या वर ते फस्त करणारे सूक्ष्म जीव थंडीमुळे तेव्हा थोडेच असतात, त्यामुळे बेरिंग समुद्राच्या उथळ भागात भरलेलं ताट थेट खाली पोचतं. त्यावर शिंपले वाढतात, आणि शिंपल्यांवर एका बैठकीत हजारोंचा फडशा पाडणारा वॉलरस. बर्फ लवकर गेला की जेवण वरच्या वरच संपतं.

थंडी राखणही करते. अंटार्क्टिकाच्या उथळ समुद्रात कवच फोडणारे खेकडे जवळपास नाहीत. अतिगार पाण्यात त्यांना रक्तातलं मॅग्नेशियम पुरेसं बाहेर टाकता येत नाही आणि अंग बधिर होतं, असं मानतात. तिथल्या अ‍ॅडॅम्युसियम शिंपल्याचं कवच पापडाइतकं पातळ. फोडायलाच कुणी नाही, तर जाड कवचाचा खर्च कशाला! पण गार सोड्यात वायू जास्त टिकतो, तसा थंड समुद्र कार्बन डायऑक्साइडही जास्त शोषतो. पाणी आम्लतेकडे झुकतं आणि लिमासिनासारख्या इवल्या समुद्री गोगलगायींचं कवच झिजू लागतं.

थंडीची ही भिंत ढासळली की काय होतं, ते अलास्कात दिसलं. स्नो क्रॅबची पिल्लं बेरिंगच्या तळाशी दोन अंशांखालच्या पाण्यात वाढतात. त्यांना खाणारा कॉड मासा तिथं सहसा फिरकत नाही. 2018 आणि 2019 मध्ये समुद्र तापला. उबेनं खेकड्यांची भूक वाढली, अन्न मात्र तेवढंच. दहा अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले, बहुतेक उपासमारीनं. 2022 च्या हंगामात ही मासेमारी पहिल्यांदाच बंद ठेवावी लागली.

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाची गोष्ट उलटी. तिथल्या इसफ्योर्डच्या तोंडाशी 2004 मध्ये पाणबुड्यांना निळे शिंपले सापडले, सुमारे हजार वर्षांनी! नॉर्वेकडून येणाऱ्या उबदार प्रवाहाबरोबर त्यांची पिल्लं वाहत आली होती. त्यांना घुसखोर म्हणावं की माहेरी परतलेले? मला दुसरं पटतं. पण परतायला दार उघडलं ते उबेनं, हे विसरून चालत नाही.

ही ऊब मोजण्यात भारताचाही हात आहे. याच द्वीपसमूहात, कोंग्सफ्योर्डच्या काठी, 2008 पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे त्याचा कारभार. 2014 मध्ये त्या फ्योर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ हा उपकरणांचा दोर सोडला गेला. तापमान, क्षारता यांची तो वर्षभर नोंद घेतो, सूर्य उगवतच नाही त्या महिन्यांतही. उन्हाळ्यात तो वर काढतात, नोंदी उतरवून घेतात आणि पुन्हा खाली सोडतात.